राघूच्या तोंडचा भाव

एका राज्यात माणसं वाघाशी झुंजायची, पण दुकानाच्या दारात मुकी व्हायची. चार कवड्या जास्त गेल्या म्हणून तोंड उघडणं तिथे हलकेपणाचं मानत. आता काय बोलावं अशा लोकांना!

तिथे कालकेतू नावाच्या जादूगाराचं दुकान होतं. फळीवरच्या चिठ्ठीत एक भाव, दारात कवड्या देताना दुसराच. दारात हिशेब सांगायला त्याने धनाजीला ठेवलं. धनाजी चिठ्ठीवरचाच भाव सांगे, म्हणून जादूगाराने त्याचा राघू केला. मग चोचीतून फक्त वाढीव भाव निघू लागला.

धनाजीची बायको सुगंधा जादूगारापुढे उभी राहिली. "माझा नवरा परत द्या."

"तिघांनी जास्तीचा भाव नाकारला तर सुटेल. येती पौर्णिमा टळली, तर जन्माचा राघू."

पहिली ती स्वतःच. मिठाची पुडी घेतली. राघू म्हणाला, "सात कवड्या." बाईचे कान लाजेने लाल झाले, पण ती हलली नाही. "चिठ्ठीवर पाच आहेत. पाचच देईन." राघूला माणसाचे पाय फुटले.

दुसरा आला सेनापती रणधवल. अंगावर नऊ जखमा मिरवणारा गडी, पण गुळाच्या ढेपेपाशी त्याला दरदरून घाम फुटला. सुगंधा म्हणाली, "दादा, मी शेजारी उभी राहते." तेव्हा कुठे तो चिठ्ठीवरचाच भाव देईन म्हणाला. राघूचे पंख गळून हात आले.

तिसरं कोणी मिळेना. पौर्णिमेच्या सकाळी खुद्द महाराज राणीसाठी मध घ्यायला आले. चिठ्ठीवर बारा, राघू म्हणाला, "वीस." महाराजांनी थैली सोडली. "जाऊ दे. आठ कवड्यांचं काय एवढं?"

"महाराज, तुमच्या आठ कवड्या जातात," सुगंधा म्हणाली. "माझा माणूस जातोय."

महाराजांची मान खाली गेली. त्यांनी थैली आवळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चिठ्ठीवर बारा आहेत. बाराच देईन."

कालकेतूची विद्या तिथल्या तिथे संपली. चिठ्ठीवरचा भाव तोच खरा, जास्त घेतलेलं परत करावं, अशी राजाज्ञा झाली. धनाजी पुरता माणूस झाला. इतके दिवस नुसते आकडे बोललेला तो, पहिल्यांदा म्हणाला, "सुगंधा." ती चारचौघांत रडली.

मागे गिऱ्हाइकांची रांग लांबच लांब होती. पण कोणालाही घाई नव्हती.