पाटलांनी आणलेली लाकडं

फार फार जुनी गोष्ट. ऐका बाळांनो, आणि मोठ्यांनीही कान इकडे द्यावेत. खरी गरज त्यांनाच आहे.

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. अलीकडच्या गावाला आपल्या संस्कृतीचा केवढा तोरा! त्यांची गाणी गोड, दीपमाळ उंच आणि रीती अगदी कडक. त्यातली एक रीत अशी, की बाळंतिणीनं वेशीबाहेरच्या झोपडीत राहायचं, तेही विस्तवाविना. का, तर तिच्यामुळे अग्नी विटाळतो म्हणे! पलीकडच्या गावात बाळंतीण चुलीपाशी निजायची. गाणी म्हणाल तर त्यांची बेसूरच. अलीकडचे लोक त्यांना नावं ठेवायचे.

अलीकडच्या गावातल्या गोजाबाईची थोरली सून त्या झोपडीत गारठून मेली होती, बाळासकट. आता धाकट्या सुनेचे, राहीचे, दिवस भरले. ऐन थंडीत कळा सुरू झाल्या, तशी गोजाबाईनं तिला सरळ चुलीपाशी निजवलं आणि स्वतः दारात ठाण मांडून बसली.

सगळं गाव गोळा झालं. पाटलांनी आधी समजावलं, मग वाळीत टाकायची धमकी दिली. शेवटी म्हणाले, "पलीकडच्यांची रीत त्यांना, आपली आपल्याला. कुणाची थोर हे मोजणार कसं?"

"मी मोजते ना, पाटील," गोजाबाई म्हणाली. "त्यांच्या बाळंतिणी बाळ घेऊन उठतात. आपल्या तिरडीवरून जातात. याहून दुसरं माप मला नको. टाका वाळीत. माझी सून इथून हलणार नाही."

तिला ओलांडायची कुणाची छाती झाली नाही. थोड्याच वेळात आतून बाळाचा टाहो ऐकू आला. राही सुखरूप होती. गावानं मात्र बोलल्याप्रमाणे गोजाबाईला विहीर बंद केली. तिनं खुशाल नदीचं पाणी भरलं.

पुढच्या हिवाळ्यात पाटलांची लेक बाळंतपणाला माहेरी आली. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि वेशीबाहेरची झोपडी झाडून तयार होती. पाटलांना अन्न गोड लागेना, पण आपल्याच घरात रीत मोडायचा धीर होईना. शेवटी पागोटं हातात घेऊन ते गोजाबाईच्या दारात आले आणि लेकीसाठी चुलीपाशी जागा मागू लागले.

गोजाबाईला थोरली सून आठवली. डोळे पुसून ती म्हणाली,

"लेकीला आत्ताच आणा. लाकडं मात्र तुम्ही आणायची, पाटील. त्या झोपडीची."

भर दिवसा, सगळ्या गावादेखत, पाटलांनी आपल्या हातांनी झोपडी मोडली. त्याच लाकडांच्या उबेत त्यांचा नातू जन्मला. ती झोपडी पुन्हा कुणी बांधली नाही.

तात्पर्य : जिच्या आसऱ्याला माणूस सुखानं जगतो तीच संस्कृती थोर; आणि जी रीत माणसाला मारते ती कितीही जुनी असो, मोडावी.