हळद कुणाला लागली?

संशयी माणसाला स्वतःच्या कुलपाचाही भरवसा नसतो. चिपळूणच्या नाक्यावर खानावळ चालवणारे खेतले शेठ त्यातलेच. विजेचं बिल फुगलं, तसं त्यांनी सगळं स्वयंपाकघर समोर उभं केलं.

"मासळीचा फ्रीज सारखा कोण उघडतं? गारवा बाहेर, यंत्राला उसंत नाही, आणि बिल मी भरायचं! अक्का, संध्याकाळपर्यंत चोर दाखव. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"दाखवते," आचारीण चंद्राक्का म्हणाली.

दुपारचं रांधून झाल्यावर तिने रात्रीपुरती मासळी बर्फात काढून ठेवली. सगळ्यांना हात धुवायला लावले, फ्रीजला शिवायचं नाही म्हणून बजावलं आणि त्याच्या मुठीला आतून हळद फासली.

संध्याकाळी सगळ्यांचे हात स्वच्छ निघाले. शेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर मात्र पिवळी बोटं उमटली होती.

"पापलेटं कुणी पळवत नाही ना, ते बघत होतो!" शेठ ओरडले. "मालक आहे मी!"

"आता नवरदेव झालात," अक्का म्हणाली. "हळद लागल्यावर नवरदेवाने उंबरा ओलांडायचा नसतो. गल्ल्यावरच बसा."

पुढच्या महिन्यात बिल उतरलं. शेठना आता मीटरचा संशय येतो.