जुना आकडा

एकदा एका धरणाखालच्या चौकीत एक वृद्ध अभियंता आणि त्यांचा शिष्य काम करीत असत. उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात भोई कुटुंबे कलिंगडाच्या वाड्या लावीत. धरणातून पाणी सुटले की चौकीतला संगणक पातळी मोजून भोंगा वाजवी. संगणक सुरू होताच मोजणीची सेवा, म्हणजे पातळी मोजणारा प्रोग्रामही, आपोआप सुरू व्हावी, म्हणून शिष्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिली होती. सेवा सुरू झालीच नाही, तर शेवटी मोजलेला आकडाच पडद्यावर दाखवीत राहावे, अशी सोय त्याने तीत केली होती. पडदा रिकामा दिसणे त्याला कमीपणाचे वाटे.

एका दुपारी वीज जाऊन आली. सेवा सुरू झाली नाही. पडदा सकाळचाच आकडा निमूट दाखवीत राहिला; वरून पाणी सुटले तरी भोंगा वाजला नाही. केरबा भोई आणि त्यांची सून यांची प्रेते खालच्या बंधाऱ्याला अडकलेली सापडली.

शिष्याला अन्न गोड लागेना. काही दिवसांनी त्याने स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. सेवा न चालल्यास आकडा कुठून आणायचा, याच्या आणखी वाटा जोडल्या. वृद्धाने त्या सगळ्या पुसल्या. एकच ओळ ठेवली: सेवा सुरू झाली नाही, तर भोंगा वाजव.

पुढे पुन्हा वीज गेली, आली, भोंगा वाजला. पोरे काखोटीला मारून माणसे वेल तुडवीत दरडीवर धावली. पाणी आलेच नाही. केरबांचा मुलगा म्हादू चौकीच्या दारात येऊन म्हणाला, "बा गेला तवा वाजला न्हाई. आता उगाच वाजतोय. आमची थट्टा चालवलीय व्हय?"

वृद्धाने हात जोडले. तो गेल्यावर शिष्य म्हणाला, "सर, जुनी सोय परत घालू का?"

"नको. यंत्र बंद पडणारच, तो दोष नव्हे. आपण ते झाकले. जुना आकडा एकेकाळी खरा होता, म्हणूनच आपण त्यावर विसंबलो. 'मला ठाऊक नाही' हे सांगायची तुझ्या स्क्रिप्टला लाज वाटत होती. ती लाज तुझी होती, आणि मी ती तपासून मंजूर केली होती. म्हादूचे बोल ऐकून घे. त्याच्या बापाला आपल्यावर रागवायला वेळच मिळाला नाही."

शिष्य पात्रात उतरला आणि तुडवलेल्या वेलांना माती लावू लागला. थोड्या वेळाने म्हादूने पाण्याची घागर शिष्याच्या बाजूला सरकवली.