खुर्चीवरची सही

एका संस्थानी गावात तुळाजी नावाचा एक भोळा शिपाई होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. अडचण होती ती हीच.

गावच्या नदीवर पूल नव्हता. कचेरीतले कारकून आप्पाजी यांच्या घरचं एक माणूस नदीनं नेलं होतं. ते त्याविषयी बोलत नसत. पूल मात्र दरसाल मागत. अखेर सरकारनं पुलासाठी लोकांकडून कर्ज घ्यायचं ठरवलं. कर्जरोखे छापून आले. शनिवारच्या बाजारात ते विकायचे होते. दिवाणांची सही असेल, तरच रोखा कायद्यानं खरा.

तुळाजीनं पहिल्या गठ्ठ्यावर सह्या आणल्या, त्या ओल्याच घडी घालून. शाई पसरली.

"अरे, आधी उन्हात धरावं!"

"बरं, आप्पासाहेब."

दुसऱ्या गठ्ठ्यावर लाखेची मोहोर होती. तुळाजीनं तो दुपारभर उन्हात धरला. लाख वितळून रोखे एकमेकांना चिकटले.

"अरे, त्याला गार पाणी दाखवावं!"

"बरं, आप्पासाहेब."

तिसऱ्या गठ्ठ्याला मोहोर लागायची होती. नुसत्या सह्याच होत्या. तुळाजीनं तो हौदात बुडवला. रोखे स्वच्छ निघाले.

आप्पाजींनी ते वाळत घातले. आता तेवढेच उरले होते. आणि शुक्रवारी दिवाण निवृत्त झाले.

"त्यांच्या घरी जाऊन सह्या आणू?" तुळाजीनं विचारलं.

"खुर्चीवर असताना केलेली सहीच चालते रे. मग माणूस घरी बसो, नाहीतर जगातून जावो, सही राहते. पण खुर्ची गेल्यावर केलेली सही फुकट."

"बरं, आप्पासाहेब."

शनिवारी सकाळी नवे दिवाण आले. बघतात तर खुर्ची गायब, अर्धे रोखेही गायब. माणूस भला. उरलेल्या रोख्यांवर त्यांनी खिडकीच्या कट्ट्याशी उभ्यानंच सह्या केल्या आणि पुलाची जागा बघायला नदीवर गेले. आप्पाजींनी रोखे छातीशी धरले.

इतक्यात डोक्यावर खुर्ची घेऊन तुळाजी आला.

"जुन्या साहेबांना खुर्चीवर बसवून सह्या आणल्या! बसून फार बरं वाटलं त्यांना. आणि ह्या हो कुणाच्या?"

"नव्या दिवाणांच्या."

"खुर्ची तर माझ्या डोक्यावर. ते बसले कशावर?"

"उभ्यानं केल्या."

"अरेरे! म्हणजे फुकट."

खुर्ची खाली ठेवून तुळाजीनं त्यांच्या हातातले रोखे ओढून घेतले; आप्पाजी मागे धावेपर्यंत ते हौदात जाऊन स्वच्छ होऊन आले.

आप्पाजी मटकन त्या खुर्चीत बसले.

तुळाजीनं ओले रोखे त्यांच्या मांडीवर ठेवले. हातात टाक दिला.

"बसलातच आहात, तर तुम्हीच करून टाका, आप्पासाहेब. कायद्यानं पक्क्या!"