दोन हात जास्तीचा दोर

तो हार तिकडे पारावर ठेवा आणि आधी इकडे आडाशी या. रागावू नका, पण आमच्या खडकुंब्यात पाचांच्या दगडाला फूल वाहत नाहीत. का, ते सांगतो.

हा आड बघा. पायऱ्या नाहीत, आत उतरायची सोय नाही. वर दोर असेल तरच पाणी. आता घरोघरी नळ आलेत, तरी हा दोर इथून कधी निघत नाही.

इंग्रजांच्या अमलाविरुद्ध उठून डोंगरात गेलेली पाच माणसं होती, असं सांगतात. त्यांचा म्होरक्या धावजी असवले, याच गावचा. समोरच्या कड्यावर त्यांनी पलटण तीन दिवस अडवून धरली. चैत्राचं ऊन, आणि कड्यावर पाण्याचा थेंब नाही. इकडे खाली हुकूम आला, की बंडवाल्यांना पाणी देईल ते गाव जाळू. गावचा पाटील रावजी घोडे घाबरला. त्याने घरोघरचे दोर आणि पोहरे गोळा करून आपल्या घरात कोंडले, आणि कुणी हाक मारली तरी दार उघडायचं नाही म्हणून बजावलं. कुणी ब्र काढला नाही. धावजीची आई चिमाबाई, तिनेही आपला दोर आणून दिला. लेक घाट उतरून पलीकडे गेलाय, असं तिला वाटत होतं म्हणे.

चौथ्या दिवशी भर दुपारी पाचही जण खाली आले. जखमी, तहानेने अर्धमेले. "पानी द्या" म्हणून दारोदार हाक घातली. साठ घरं होती, साठ! एक कडी निघाली नाही. चिमाबाईनेही हाक ऐकली. तहानेने घसा इतका बसला होता, की आईला लेकाचा आवाज ओळखता आला नाही. कुणा दुसरीचा लेक असेल, असं म्हणून ती आत बसून राहिली.

मग त्यांनी डोक्याची मुंडाशी सोडली. निम्मी चिरगुटं आधीच जखमांना बांधलेली. उरलेल्या चिंध्यांना गाठी मारून त्यांनी आडात सोडल्या. पाणी दोन हातांवर राहिलं. खाली पाणी दिसतंय आणि पोचत नाही! तेवढ्यात पलटण आली. पाचही जण याच काठावर लढून पडले.

आणि गाव वाचलं का? छे! जाताना पलटणीने ते पेटवलंच. मला संताप येतो तो याचा. भेकडपणा केला, आणि तोही फुकट गेला.

दहाव्याला गाव फुलं घेऊन आलं. पाटील म्हणाला, समाधी बांधू. चिमाबाईने फुलं पायाने उडवली, असं सांगतात.

"फुलं कशापायी, पाटला?" ती म्हणाली. "मागितलं काय हुतं त्यानं? मीबी दार लावून बसले. तवा मला आई म्हनू नका, अन् त्याला देव म्हनू नका. आधी दोर बांधा."

ती तिथेच बसली. गावाने जळक्या घरांतून वाख शोधून दोर वळला, तेव्हाच उठली. तेव्हापासून दर चैत्रात त्या तिथीला प्रत्येक घर आपल्या हाताने वळलेला दोराचा तुकडा आणतं. सगळे तुकडे जोडून नवा दोर आडावर चढतो. भर दुपारी एकाने "पानी द्या" म्हणून हाक मारायची, आणि साठही दारं उघडायची. पाच जण पडले तिथे रोवलेल्या या दगडावर चढतं ते फक्त पाणी, ज्याने त्याने स्वतः ओढलेलं.

गेल्या साली एक पुढारी आले होते. हातभर जाड हार, पाऊण तास भाषण, आणि मध्येमध्ये बाटलीतलं गार पाणी! मी म्हटलं, साहेब, आधी पोहरा ओढा. तर हाताखालच्या माणसाला म्हणाले, तू ओढ. मी हार परत त्यांच्या गाडीत नेऊन टाकला. गावातले चार जण माझ्यावर चिडले. चिडू देत. पूर्वी गप्प बसून काय झालं, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत.

आजही हा दोर पाण्याला टेकून वर दोन हात जास्त भरतो. बाकीचा दोर सगळ्या गावाचा. ते शेवटचे दोन हात मात्र एकाच घराने वळायचे, रावजी पाटलाच्या. मी सखाहरी घोडे, त्याचा खापरपणतू. यंदाचे मीच वळलेत. धरा, ओढा.