विणकर मावशीचा खाऊ

फार पूर्वी एका आजोबांच्या ओटीपोटात अक्रोडाएवढी ग्रंथी होती. तिथल्या पेशींभोवती विणकर मावशी, म्हणजे धागे विणणारी एक पेशी, धाग्यांचं कुंपण विणायची. कुणाला जखम झाली, की खाऊ घेऊन धावायची आणि जखम भरणाऱ्या नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून कुंपण सैल करायची.

एकदा एक पेशी कण्हली, "मावशी, लागलंय गं मला!"

"अगं माझ्या राणी!" म्हणत मावशीनं तिला भरवलं, कुंपण सैल केलं. पेशीला ढीगभर पिल्लं झाली, तरी कण्हणं थांबेना. मावशी भरवतच राहिली. एक पिल्लू तर कुंपणातून निसटून हाडाकडे पळालं.

"दाखव बघू जखम," मावशी म्हणाली.

जखम नव्हतीच.

मावशीनं डोळे पुसले, खाऊचा डबा झाकला आणि कुंपण घट्ट विणायला घेतलं.

"मावशी, भूक!"

"आता माझी माया अशीच, राणी."