येसू ताऱ्याने मारलेली गाठ

खाडीच्या मुखाशी आंबेखोल नावाचे गाव आहे. भरतीनाथ महाराजांचा मुक्काम काही काळ तिथे होता. गावकऱ्यांनी मठ बांधून देऊ म्हटले, पण महाराज होड्या ओढून ठेवायच्या मांडवातच राहिले. डांबराच्या आणि सुक्या मासळीच्या वासात त्यांचे नामस्मरण चाले.

येसू तारी हा त्यांचा भोळा भक्त. आपल्या लहानशा शिडाच्या होडीतून तो माणसे खाडीपार नेई. शिडाचा दोर जिला अडकवायचा, ती खुंटी घासून घासून गुळगुळीत झाली होती. वारा भरला की दोर सुळकन निसटे. लोक म्हणत, "येसूच्या होडयेत बसण्यापेक्षा पवत पलीकडे गेलेला बरा!"

शेवटी येसूने खैराची नवी खुंटी तासली आणि होडीला ठोकण्याआधी महाराजांच्या पायांशी ठेवली. महाराजांनी तिच्यावरून हात फिरवला.

"छान झाली," महाराज म्हणाले. "हिला दोराचे वेढे घाल. पण गाठ मारू नकोस हो. धरायला खुंटी आहे. सोडायला तुझा हात मोकळा असू दे."

रुद्राजी तांडेल तिथेच उभा होता. मोठमोठ्या मचव्यांचा मालक, बोलायला फटकळ. त्याची लेक मथुरा दिवसांत होती आणि त्याच दिवशी त्याची बायको तिला पलीकडच्या सासरहून माहेरी आणायला जाणार होती. ओहोटीमुळे मचवे चिखलात बसले होते, म्हणून नाइलाजाने त्याने येसूची होडी ठरवली होती.

"नुसत्या वेढ्यार शीड रवता?" तो होडीपाशी येऊन म्हणाला. "तुझे महाराज कधी सुकाणार बसले होते रे? माझी लेक आणि बायको येतली ह्या होडयेतसून. गाठ मार!"

येसू बिचारा गोंधळला. तांडेल दर्यातला जाणता माणूस. जाताना त्याने वेढ्यांवरच भागवले; पण परतताना मथुरा आईच्या खांद्यावर मान टाकून बसली, तिचे अवघडलेपण पाहून त्याचा धीर सुटला. पुन्हा दोर निसटला तर? त्याने वेढ्यांवर एक करकचून गाठ मारली.

होडी खाडीच्या मध्यावर आली आणि डोंगराकडून वाऱ्याचा झपाटा उतरला. शीड टरारून फुगले. होडी एका अंगावर कलली, काठावरून पाणी आत आले. आता दोर सोडला तरच होडी सावरणार! येसू गाठीला भिडला. दोर भिजून फुगला होता. गाठ दगडासारखी झाली होती. दोर कापायला होडीत ठेवलेली कोयती पाण्याबरोबर वाहून गेली होती. मथुराची आई किंचाळली, "येसू, माझ्या लेकीक सांभाळ रे!"

"महाराज," येसू रडत म्हणाला, "तुमचा ऐकलंय नाय. माका बुडवा, पण ह्या दोघींका तारा!"

आणि काय सांगावे! त्याच्या हाताखाली ती गाठ हलली, सैल झाली, उलगडली. दोर सरसरत सुटला, शीड रिते झाले आणि होडी सरळ झाली. वारा ओसरल्यावर येसूने पुन्हा वेढे घातले. नव्या खुंटीने दोर असा धरला की होडी थेट आंबेखोलच्या वाळूला लागली.

किनाऱ्यावर रुद्राजी गुडघाभर पाण्यात उभा होता. चेहरा पांढराफटक.

"येसू, गाठ सुटली ना रे?" त्याने विचारले.

येसू चकित झाला. "तुमका कोणी सांगल्यान?"

"मी मांडवात होतंय. महाराज पेज जेवत होते. मधीच वाडगो बाजूक ठेवल्यानी आणि रिकाम्या हातांनी कायतरी सोडवूक लागले. मी हसलंय. म्हटलंय, वाऱ्याक गुदगुल्यो करतास काय? तर म्हणाले, 'तांडेल, तुम्ही सांगितलेली गाठ फार घट्ट बसली हो.' आणि त्यांच्या नखांतसून रक्त इला रे!"

दोघे धावत मांडवात आले. महाराज उरलेली पेज पीत होते. रुद्राजीने पायांवर डोके ठेवले आणि मोठमोठ्याने रडू लागला.

"येसूचो काय दोष नाय, महाराज. मीच त्याका गाठ मारूक लावलंय."

महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या बोटांची नखे उलली होती.

"उठा, तांडेल," महाराज म्हणाले. "लेक अजून ओल्या लुगड्याने होडीत बसली आहे. तिला हात द्यायला कोण जाणार?"

रुद्राजी उठला. गावाने त्याला आजवर कुणापुढे वाकताना पाहिले नव्हते. तो महाराजांपुढे पुन्हा वाकला, मग येसूपुढे वाकला, आणि लेकीकडे धावला.